एक जुलैचे दोघे

ये इकडे, अशी दारात पाय हलवत उभी राहू नकोस. बस जवळ. दिवाळीनंतर आत्ता आत्याची आठवण आली तुला, आणि आल्या आल्या सांगतेस काय, तर परीक्षेच्या फॉर्मवर जन्मसाल चुकलं, ‘कम्प्युटरची चूक आहे आत्या, आपण काय करणार?’ तीन महिने नेहरू नगरच्या कम्प्युटर क्लासला जातेस, हेच शिकलीस का? फॉर्म भरला कोणी, ते पाहिलंस? नाही ना. मग ऐक. या एका वाक्यापायी एका माणसाचं घर जात होतं, आणि घालवणारी मी होते.

आमचे हे तेव्हा प्लांटच्या, म्हणजे कारखान्याच्या, क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात क्लार्क. आम्ही स्वतः एका खोलीत, मोठ्या क्वार्टरसाठी रांगेत. रांग म्हणजे एक जाडजूड रजिस्टर, सगळं ह्यांच्या हातचं. एक दिवस साहेब म्हणाले, आता यादी मशीन, म्हणजे कम्प्युटर, काढेल. मशीनची खोली थंडगार, पडदे लावलेली, चपला बाहेर काढायच्या. हे पाहून आले नि म्हणाले, “देवघरासारखं आहे वं तिथं. अनवाणी जा लागते.”

मी म्हटलं, “देव तरी लोकांसमोर बसते. हे पडद्यामागं काय करून राहिले?”

साऱ्या कॉलनीला हाच संशय होता. कोणी म्हणे मशीन क्लार्कांना घरी बसवणार, कोणी म्हणे साहेबांच्या माणसांची नावं पडद्याआड वर सरकवणार. म्हणून पहिली यादी तपासायला आली तेव्हा हे गठ्ठाच घरी घेऊन आले. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लांबलचक कागद, दोन्ही काठांना छिद्रं. खोलीभर पसरला तरी संपेना. मी शाळा चौथीपर्यंतच पाहिलेली, पण इंग्रजी अक्षरं डब्या-पाकिटांवरून शिकले होते, त्याचा फार तोरा होता मला. मी कागदावरून वाचायची, हे रजिस्टरशी ताडायचे. पहिल्याच दिवशी तीन कामगारांचे टोकन नंबर चुकलेले सापडले. हे ऑफिसात सांगून आले, साहेबांनी पाठ थोपटली. मग तर आम्ही चूक शोधायलाच बसायचो, बरोबर काय ते कोण पाहतो!

दुसऱ्या रविवारी माझं बोट थांबलं. ह्यांचं नाव दोनदा. बापाचं नाव तेच, जिल्हा भंडारा, जन्मतारीख एक जुलै, सालसुद्धा तेच. टोकन नंबर मात्र वेगळा.

“पाहा!” मी ओरडलेच. “तुमाले दोनदा जन्माले घातलं मशीनीनं!”

हे हसले. “नंबरबी चुकवला पाहा तिनं.” रजिस्टरचं ते पान उघडायचंही सुचलं नाही. स्वतःचं नाव कोण रजिस्टरात शोधतं? लाल पेन घेतलं आणि दुसऱ्या नंबरची ओळ सरळ काटली.

पावसाळ्याआधी यादी बोर्डावर लागली. चार दिवसांनी दुपारी दारात एक बाई. पायात स्लीपर, हातात घडी केलेला कागद. आत ये म्हटलं तर येईना, पाणी देऊ केलं तर नको म्हणाली. मला वाटलं, काही विकायला तरी आली असेल किंवा घर हेरायला. मी दार अर्धंच उघडं ठेवलं.

तिनं ह्यांचं नाव घेतलं. “तेच राह्यतेत ना इथं?”

“कावून?”

“माह्या मालकाचंबी हेच नाव हाय. खुर्सीपारले झोपडीत राह्यतो आमी. नऊ वर्सं नंबर लावून हाये. यादीत आमी नाई, तुमी हा. ऑफिसात म्हनतेत कम्प्युटरची चूक. मी म्हटलं, एकदा तो मानूस तरी पाहून येऊ, ज्यानं आमचं घर घेतलं.”

मी विचारलं, “जन्मतारीख काय त्यांची?”

“एक जुलै. मास्तरनं डोक्यावरून हात कानाले लावून पाह्यला, पुरला, लिहून देलं.”

तुला ठाऊक नसेल, आमच्याकडच्या गावांत अशीच तारीख पडायची. हात कानाला पोचला की पोरगा सहा वर्षांचा, आणि शाळा उघडायची तारीख हाच जन्म. प्लांटातले अर्धे भंडारावाले एक जुलैचे. हे मला माहीत होतं गं! माझ्या सासऱ्यांनीच हसत सांगितलं होतं. पण मशीनवर डोळा ठेवता ठेवता तेवढंच विसरले.

हे घरी आले तशी मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, “मशीनीची चूक म्हणून लिहून देतो. सगळे मानतेत. नाव चढून जाईन.”

“कुठं चढेल?”

“खाली. नवीन अर्ज समजून.”

“आणि नऊ वर्सं?”

नऊ वर्षं परत द्यायची तर एकच वाट होती: मशीननं ओळ बरोबर छापली होती, मी हातानं काटली, असं ह्यांनी लिहून सही करायची. मला ह्यांच्यावर भरवसा वाटेना, खरं सांगते. सकाळी डबा हातात देताना म्हटलं, “लिहिलेला कागद मले वाचून दाखवा. इंग्रजीत असला तरी.”

“माह्यावर विश्वास नाई का वं?”

“नाई,” म्हटलं. “माह्यावर तरी कुठं आहे? बोट माहं होतं.”

तिथंच ह्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, वाचून दाखवलं आणि नेऊन दिलं. साहेबांची बोलणी खाल्ली, ह्यांच्या फाइलीत शेरा पडला. त्या माणसाचा अर्ज आमच्यापेक्षा जुना, म्हणून मरोदा वसाहतीतलं क्वार्टर आधी त्यांना मिळालं. आम्ही त्या एका खोलीत आणखी दोन उन्हाळे काढले. मशीनवर मी अजून विश्वास ठेवत नाही, पण तिच्याआधी मी लाल पेन कुठं आहे ते पाहते.

तर तुझा फॉर्म घेऊन ये, तुझ्या हाताचा कच्चा कागदही आण. आपण दोघी ओळ ओळ वाचू. लवकर ये, एक जुलैच्या आतच ये. त्या दिवशी मरोद्याची ती बाई नवऱ्याला घेऊन येते, दोघा खोट्या वाढदिवसवाल्यांना मी एकाच ताटात शिरा वाढते, आणि अजून ती आधी पाणी नको म्हणते. तू दिलंस तर घेईल कदाचित, त्या ओळीवर तुझं बोट नव्हतं.