जॉबरमामांचा डावा कान

स्वतःच्या कानांचा इतका अभिमान बाळगणारा माणूस साऱ्या सोलापुरात दुसरा नसेल. आमच्या शेजारचे हे मामा उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कानात सदैव कापूस. चाळीस माग धडधडत असताना दारात उभं राहून तो कापूस क्षणभर काढायचा आणि नेमका आजारी माग ओळखायचा, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर ऐकायला माग उरले नाहीत, तेव्हा ते गल्लीतले पंखे, मिक्सर आणि माझी दुचाकी ऐकू लागले.

कुठल्याशा दवाखान्याच्या भिंतीवर कानाचं चित्र पाहिलं आणि त्यांना नवं वेड लागलं. चहाला आलेल्या पाहुण्यालाही ते आधी कान समजावून सांगत. "पडदा हलला की हातोडी हलती, हातोडी ऐरणीला ढोसती, ऐरण रिकिबीला. एवढ्याशा जागेत सगळा कारखाना हाय की. फुडं शंखासारखी नळी, तिच्यात पाणी आन् लई बारीक केस. केस वाकला की मेंदूला वर्दी. पर एकदा मेला की परत उगवत न्हाय." मग टकलावरून हात फिरवून म्हणत, "हितल्यासारखंच."

त्या केसांच्या काळजीपोटी माझ्या मेव्हण्याच्या लग्नातल्या मिरवणुकीत त्यांनी डॉल्बीपुढे नाचणाऱ्यांच्या, नवरदेवाच्या आणि शेवटी घोड्याच्याही कानात बोळे घातले. घोड्याची तक्रार नव्हती. नवरदेवाला मात्र मंगलाष्टकं कधी संपली ते कळलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका सोमवारी सकाळी ते दारात आले. "डावा कान झोपेतच बंद पडलाय. सात रस्ता चौकातल्या कानाच्या डॉक्टरकडं येतोस का? ते काय म्हणत्यात ते एका कानानं ऐकून मी भलतंच घरी आणीन."

मी ऑफिसला निघालो होतो. म्हणालो, "मळ असेल, मामा. सुट्टी बघून जाऊ."

"लगीच दाखवाय पायजे म्हणत्यात."

"तुमचा कारखाना चार दिवस टिकेल की."

ते हसले आणि परत गेले. त्या सुट्टीला माझ्याकडे पाहुणे आले, पुढच्या सुट्टीला मी अकलूजला गेलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच ओशाळून त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी यंत्रावर तपासलं आणि मला हळूच म्हणाले, "आतल्या नसेचं दुखणं आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत आणलं असतं, तर औषधानं आशा होती."

"काय म्हणाले?" मामांनी विचारलं.

"वयामुळं झालंय म्हणाले," मी सांगितलं.

"व्हय, वय झालंच की," ते म्हणाले आणि चपला घालू लागले. त्यांचा उजवा कान डॉक्टरांच्याच बाजूला होता, हे जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. त्यांनी तो विषय आजवर काढलेला नाही. मीही नाही.

आवाज कुठून येतो हे कळायला दोन्ही कान लागतात. आता मी फाटकातून हाक मारली, की मामा आधी वर गच्चीकडे बघतात, मग रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी जवळ पोचेपर्यंत भलतीकडेच तोंड करून हसत उभे राहतात.