पप्पांचे पाच राउंड

माझे पप्पा माझ्याशी खोटं बोलले. दीड वर्षं. रोज सकाळी.

मी कधी पोस्ट टाकत नाही. तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहितेय.

नववीत शाळा सोडली मी. पीटीला धावले की सगळे हसायचे. मग वर्गात पण हसायला लागले. मग गेलेच नाही. अकरापर्यंत झोपायचं, उठून मोबाइल.

एक दिवस पप्पांनी पांघरूण ओढलं.
"उठ. बीचवर एवढ्या लवकर कोण नसतं. मी पण धावतो."

स्कूटरवरून जायचो. मी सुरूच्या झाडांकडे धावायची, पप्पा जिथे बोटी लावतात त्या साइडला. पप्पा परत यायचे तेव्हा टी-शर्ट चिंब, धापा टाकत.

"किती झाले?"
"तीन."
"माझे पाच! काय मॅडम, म्हातारा बाप पुढे गेला!"

जाम राग यायचा. दुसऱ्या दिवशी मी चार राउंड मारायची.
पोटात दुखायला लागलं की वाटायचं, तिकडे पप्पा पण धावतायत. थांबायचं नाही.

मागच्या महिन्यात पप्पा गेले. हार्ट अटॅक.

घरी आलेले सगळे एकच बोलत होते, रोज धावणारा माणूस असा कसा गेला?
मला पण तेच वाटलं. मग कशाला धावायचं? शूज माळ्यावर टाकून दिले.

आज महिना झाला. चर्चमध्ये पप्पांच्या मिस्सानंतर बीचवरच्या चहावाल्या आंटी भेटल्या. मी म्हटलं, "एवढे धावायचे, तरी..."

"धावायचा कुठं गो बाय? माझ्या बाकड्यावर बसायचा. तू लांबून येताना दिसलीस का अंगावर पानी मारून घ्यायचा. मी हसायची त्याला."

मी मम्मीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

तिला माहीत होतं. हार्टमुळे डॉक्टरांनी पप्पांना धावायला बंदी केलेली. पण चालायला सांगितलेलं. हळूहळू, रोज.

"मग चालले का नाहीत?"
"तू बघितलं असतंस ना. बोलायचे, बापच असा चालतोय बघून पोरगी हसेल, परत झोपून राहील."

पप्पा, हे काय केलंत?

मी हसले असते का तुम्हाला? मी?
मला माहितेय ना, हसल्यावर कसं वाटतं.

हळू चालले असते मी तुमच्याबरोबर. मला एकदा विचारायचं तरी.
मला वाटत होतं आपण दोघं धावतोय. मी एकटीच धावत होते.

संध्याकाळी मम्मीला घेऊन बीचवर गेले. चालायला. थोडं गेल्यावर ती म्हणाली, "दमले गं."
सरळ सांगितलं तिने. वाळूतच बसली. मी पण बसले.
दहा मिनिटांनी परत उठलो.

राग गेलेला नाही, पप्पा. खूप आहे.
उद्या पण जाणार आहोत आम्ही.

तुम्ही शांत झोपा.