लांब नाकाचं सोंग

अगं, फोन ठेव बाजूला आणि आत्याचं हे पत्र नीट वाच. ठाण्याला गेलीस ती गेलीसच. जत्रेचे दोन बोहाडे झाले, घरोघरची सोंगं, लाकडी मुखवटे चढवून, नाचून गेली, पण तुझा पाय काही उंबऱ्याला लागला नाही.

तुझ्या बापासारखा माणूस मोखाड्याच्या डोंगरात दुसरा नाही. असता तर तालुका हसून हसून आजारी पडला असता. माझा धाकटा भाऊ म्हणून सांगत नाही. त्याला इंग्रजीतला एकच शब्द येतो, मास्क, आणि त्या एकट्या शब्दावर तो बारा महिने काढतो. साथीच्या वेळी नर्सबाई दारात येऊन "मास्क लावा" म्हणाल्या, तर हा आत गेला आणि आपल्या घराचं लाकडी सोंग चढवून आला. लांब नाक, वाकडं हसू. "बाई, आमी आज्यापासनं लावतो," म्हणाला. बाई ओट्यावर बसूनच हसल्या. तेव्हापासून त्याला नाद लागला. फवारणीवाल्याचा मास्क बघ, वेल्डिंगवाल्याचा बघ. जव्हारच्या बाजारात पार्लरच्या पाटीवर 'फेस मास्क' वाचून आत शिरला आणि विचारलं, "नाचताना पडत नाय ना?"

मागच्या महिन्यात आधारचा कागद काढायला आम्ही जव्हारला गेलो. कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मास्कवाला देऊ? आकडे झाकलेले, शेवटचे चारच दिसतात." यानं कागद उलटासुलटा केला. "आकडं झाकलं, तरी मानूस मीच?" "तुम्हीच." मग मोखाड्यापर्यंत एसटीत तो त्या झाकलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत बसला. तेव्हाच मला धास्ती वाटली.

तुला ठाऊक नाही, त्याचे गुडघे गेलेत. यंदा नाचणं नाही. आणि घराचं सोंग घरच्यानंच नाचवायचं. एक साल खुंटीवर राहिलं की ते दुसऱ्या घरात जातं. पंचांनी विचारलं, "घरात गडी कोन हाय?" यानं तो कागद पुढं सरकवला. "आकडं झाकलं तरी सरकार म्हनतं मीच. मंग तोंड झाकलं तरी घर तेच. माझी पोर नाचंल."

"बाईमानूस?"

"नाकामागं कोन हाय, ते नाकाला इचारा."

पंच हसले, आणि हसता हसता 'बरं' म्हणून बसले.

आता रोज सकाळी तो सोंगाला रंग लावतो. आत कपाळ टेकतं तिथं जुन्या लुगड्याची घडी चिकटवलीय. माप माझ्या डोक्यावर घेतो आणि म्हणतो, "तिचं डोकं येवढं मोठं नव्हतं." फोनवर तुला विचारीन विचारीन म्हणतो, आणि "जेवलीस का" म्हणून ठेवून देतो. म्हणून मी लिहिते आहे. लवकर ये गं. सोंग खुंटीवर आहे, नाक दाराकडं करून.