गुडघे टेकणारी आणि उभा राहणारा

नाक्यावरची शिवणवाली कोण कुठल्या चर्चचं, हे पँटवरून ओळखायची. गुडघ्यावर झिजलेली असली की नाक्याच्या अलीकडच्या चर्चची. तिथे प्रार्थना गुडघे टेकून. पलीकडच्या चर्चचे ताठ उभे राहून करत. दोन पिढ्यांमागे यावरूनच भांडून त्यांनी वेगळी चूल मांडली होती.

शिवणवाली अलीकडची, नवरा वेल्डर, तो पलीकडचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दर रविवारी नाक्यावर दोघांच्या वाटा फुटत. संसार एक, बाकडी दोन! एकदा तरी त्याच्या शेजारी बसून प्रार्थना करावी, एवढीच तिची हौस.

आणि एकदा दोन्हीकडच्या पाळकांनी ठरवलं, एक उपासना एकत्र करून बघू. वादावादी झाली नाही, तर दर महिन्याला. झाली, तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"मी काही वाकणार नाही हं," वेल्डर म्हणाला. "लोखंड आहे मी."

"लोखंडाला वाकवणं तुमचाच धंदा ना?"

"दुसऱ्याच्या लोखंडाला!"

रविवारी दोघं एका बाकड्यावर. शिवणवाली नव्या नवरीसारखी फुललेली. पाळक म्हणाले, "प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. तिने मनाशी म्हटलं, आज यांच्या मनासारखं होऊ दे, आणि उभी राहिली. बाकडी करकरली. हळूच एक डोळा उघडला, तर शेजारी कोणी नाही! रुसून गेले की काय?

खाली बघते तर स्वारी गुडघ्यांवर.

"अहो, हे काय?"

"तुझ्यासाठी! आणि तू उभी कशाला?"

"तुमच्यासाठी!"

तिने मान वळवली. अलीकडचे झाडून सगळे उभे, पलीकडचे झाडून सगळे जमिनीवर. पाळकांचंही तसंच! प्रत्येकाने पाहुण्याचा मान राखला होता. कुणाची तरी आजी फिसकन हसली. चूक सुधारायला म्हणून, उभे होते त्यांनी धाडकन गुडघे टेकले, खालचे धडपडत वर आले, आणि पुन्हा तेच! मग मात्र चर्च हसून हसून आडवं झालं.

"बसा, बाबांनो, बाकड्यावरच बसा!" पलीकडचे पाळक डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा. आपल्याला सराव हवाय!"

सगळे बसले. वेल्डर तेवढा खालीच.

"गुडघा धरलाय गं. ओढ!"

हसता हसता तिच्या हातातली ताकदच गेली होती. शेवटी दोन्ही पाळकांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि तिच्या शेजारी ठेवलं.