पहिल्या बरगडीवरचा बंध

"बोट ठेव. आता खांदा वर कर. हाललं?"

काका प्रत्येक नव्या पोराला आधी हेच करायला लावायचे. तुम्हीही करून पाहा. गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा, जरा बाजूला सरकवा. तिथं कॉलरबोनचं टोक छातीच्या मधल्या हाडाला येऊन टेकतं. खांदा उचलला की बोटाखाली काहीतरी झोपेत कूस बदलल्यासारखं हलतं. "सारा हात धडाले हाडानं इथंच जुळेल हाय, बाप्पा. बाकी सारं मांस," काका म्हणायचे. आम्ही अठरा वर्षांची शहाणी मंडळी पुन्हापुन्हा खांदा उचलून बघायचो.

अमरावतीच्या आमच्या मेडिकल कॉलेजात ते शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये अटेंडंट होते. शिक्षण सातवी, पण चाकू असा हलका धरायचे की सरसुद्धा बघत राहायचे. तिथं मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मेलिननं डोळ्यांना सारखं पाणी यायचं. त्यामुळे त्या दुपारी मला अजून पाण्याखालच्या वाटतात.

निवृत्तीआधी त्यांना एकच हौस होती. आपल्या हातचा एक नमुना कॉलेजच्या संग्रहालयात, बरणीत राहावा. त्यांनी हाच सांधा निवडला. कॉलरबोनला खालून पहिल्या बरगडीशी बांधून ठेवणारा एक बंध असतो, आखूड पण चिवट. त्याचे पुढचे धागे एकीकडे तिरपे, मागचे दुसरीकडे. "बाजेच्या सुतळीवानी इनला हाय," काका म्हणायचे. तो मोकळा करण्यात त्यांचा महिना गेला.

एका दुपारी ते डबा खायला गेले आणि मला मदतीची खाज सुटली. मी चाकूनं पिवळट चरबी खरवडायला गेले, तर ती चरबी नव्हतीच; बंधच तुटला.

काका आले. चष्मा लावून त्यांनी एका बोटानं हाड उचललं. ते सैल होऊन वर आलं.

"सकाळी माह्याच हातानं गेलं वाटते," ते म्हणाले. "मले समजलंबी नाही." चाकू धुतला, पुसला आणि कपाटात ठेवून दिला. मी वही उचलून वर्गाला पळाले. भित्री कुठली!

बरणी रिकामीच राहिली. काका निवृत्त होऊन मूर्तिजापूरला गेले. मी अकोल्यात शिकवायला लागले, पण तो सांधा आला की मी घाईनं पान उलटायचे. शेवटी नऊ वर्षांनी त्यांचं घर शोधलं आणि शिव्या खायच्या तयारीनं, ओट्यावरच सगळं सांगून टाकलं.

काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे माह्या हातानं नव्हतं गेलं?"

"नाही काका. मी कापलं."

"अवं, आयकलं काय?" ते घरात तोंड करून ओरडले. "माह्या हातानं नव्हतं गेलं!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "नऊ वर्सं झाले," त्या मला म्हणाल्या, "यायनं घरात कांदाबी नाही चिरला."

मला रडू आवरेना. काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चाकू मागवला, ताटलीतला पेरू उचलला.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मला मात्र ते अजून तिथंच दिसतात, पेरूची पातळ फोड उन्हासमोर धरून एक डोळा मिटून बघताना.