बॅटरी नाकाशी की इंजिनाशी

लहानपणी घरातला रेडिओ खोलून तिने सगळ्या घराचे दिवे घालवले, तेव्हापासून दादा तिला ठिणगी म्हणायचा. पुढे ती बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात वायरिंग करू लागली, केस पिकले, पण नाव काही विझलं नाही.

दादाची स्वतःची बोट होती. माणसं आणि सामान बेटावर न्यायचं, नांगर हातानेच ओढायचा. खांदा कामातून गेला तेव्हा वहिनीने निक्षून सांगितलं, "नांगराला मोटर बसवा, नाहीतर बोट विका." मोटर आली, आणि तिच्या मागोमाग भांडणही आलं.

"बॅटरी बोटीच्या नाकाशीच ठेव, पुढे मोटरच्या शेजारी," दादा म्हणाला. "हातभर वायरीत काम भागेल."

"नाकाला सगळ्यात जास्त दणके बसतात, पाणीही तिथेच शिरतं. त्यात एवढं वजन ठेवलं की बोट मान खाली घालून चालेल. आणि चार्जिंगची वायर इंजिनापासून न्यावीच लागणार ना?"

"तुझं आपलं काहीतरीच!"

शेवटी तिने आपलंच खरं केलं. बॅटरी इंजिनाच्या खोलीत, तिला लागून ब्रेकर, म्हणजे भार फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका, आणि तिथून नाकापर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल. लांबच्या वाटेवर बारीक वायर टाकली की वीज वाटेतच मुरते, म्हणून एवढी जाड. दादा तोंड वाकडं करून बघत राहिला.

चाचणीला दोघंच गेली. खडकाळ किनाऱ्यापाशी नांगर टाकला, आणि जरा टेकतायत तोच वारा फिरला. बोटीची मागची बाजू खडकांकडे वळली. दादाने नाकाशी जाऊन बटण दाबलं. साखळी थोडी वर आली, ताठ झाली, मोटर कण्हली आणि गप्प पडली.

ठिणगी खाली धावली. ब्रेकर पडला होता. तिने तो उचलला, मोटर पुन्हा कण्हली, ब्रेकर पुन्हा पडला. खडकांवर फुटणारं पाणी आता आतूनही ऐकू येत होतं.

"कसली ही तुझी लांबलचक केबल!" दादा वरून ओरडला. "तो ब्रेकर काढ मधला! वायर थेट जोड!"

तिने पाना उचललाही. नटावर ठेवलाही. मग डिझेलचा वास नाकात भरला आणि तिने पाना मागे घेतला. अडलेली मोटर थेट जोडली तर केबल लाल होईपर्यंत वीज तोडणारं काही उरणार नव्हतं, आणि केबल डिझेलच्या टाकीला घासूनच गेली होती.

"नाही जोडणार!"

"अगं, बोट जाईल माझी!"

"पेटली तर आपणही जाऊ! दादा, मोटरवर अख्ख्या बोटीचा भार आलाय. इंजिन लावून बोट नांगराकडे पुढे घे, साखळी सैल पडू दे!"

त्याच्या बोटीवर त्याला हुकूम सोडायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. त्याने एकदा खडकांकडे पाहिलं, आणि मग सुकाणूकडे पळत जाऊन इंजिन लावलं, बोट पुढे घेतली.

तिने ब्रेकर उचलला, धडपडत वर आली, नाकाशी पोचून बटण दाबलं. सैल साखळी कडीकडीने आत येऊ लागली. मध्येच अडली. ब्रेकर पुन्हा पडला. पुन्हा जिना, पुन्हा अंधारात चाचपणं. परत येऊन बटण दाबलं तेव्हा खालून एक हिसका बसला आणि चिखलाने माखलेला नांगर पाण्याबाहेर आला.

खोल पाण्यात पोचल्यावर दादाने इंजिन मंद केलं.

"भलतंच सांगत होतो मी तुला," दादा म्हणाला.

"आणि मी करतही होते. पाना नटावर होता." ती हात पुसत राहिली. "पण ब्रेकर तिथे नको होता, दादा. दर वेळी खाली धावायचं म्हणजे जीव टांगणीला."

मग दोघांनी मिळून बॅटरी आणि ब्रेकर सुकाणूपाशी बाकाखाली आणले. वजन बोटीच्या मध्यावर आलं, केबलही बरीच आखूड झाली. बाकाची फळी दादाने दुखऱ्या खांद्यानेच कापली, कोणाला हात लावू दिला नाही. आता नांगर उचलायचा झाला की तो आधी इंजिनावर बोट पुढे घेतो आणि साखळी सैल पडेपर्यंत बटणाला बोट लावत नाही.