छतावरचं आलुबुखार

ताईच्या पिंपाचं झाकण उडालं ते माझ्यामुळे. झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली होती आणि सारखी गुडगुडत होती. मला दुपारची डुलकी काढायची होती, म्हणून मी नळीत चिंधीचा बोळा कोंबला. आत आंबणाऱ्या आलुबुखारांना श्वास घ्यायला तेवढीच वाट आहे, हे मला कुणी सांगितलं होतं? म्हणजे ताईने सांगितलं होतं. पण ताई फार सांगते. धडाड्‌कन आवाज झाला. अर्धी बीअर छताला लागली आणि मी नखशिखांत जांभळा झालो.

ताई धावत आली. तिने आधी पिंपात डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"जिवंत आहेस ना?"

"हो."

"मग फडकं घे."

ताई पूर्वी शीतपेयाच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. त्यामुळे माणसांकडेही ती कुठे तडा गेलाय का, अशाच नजरेने बघते. नोकरी सोडून तिने बंद पडलेल्या लाँड्रीची खोली भाड्याने घेतली आणि बीअर करायला लागली, तेव्हा घरादाराने कपाळाला हात लावला. पहिली बीअर पाणचट झाली, दुसरी नासली. भाऊजी तसे गरीब स्वभावाचे, पण तेही म्हणाले, "आता हे शेवटचं पिंप. नाही खपलं, तर परत कारखान्यात." ताई नुसतं "बरं" म्हणाली. ती वाद घालत नाही तेव्हा समोरच्याने जपून असावं.

त्या शेवटच्या पिंपातलं मी शिल्लक ठेवलं तेवढं तिने आंबू दिलं, गाळलं, बाटल्यांत भरलं आणि महिनाभर हातही लावला नाही. मग एका सकाळी दार लावून एकटीनेच घोट घेतला. तिने मागाहून सांगितलं, आधी फळाचा आंबटपणा आला, मागून करपलेल्या पावाच्या कडेसारखी चव, मग छातीत उतरणारी ऊब. आणि अगदी शेवटी, आलुबुखार बीपर्यंत चोखल्यावर जिभेवर राहतो तो कडवटपणा. तिला हवा होता तो हाच. लोकांना तो नको असेल तर? तिने ग्लास विसळला आणि कोपऱ्यावरच्या बारवाल्याला निरोप धाडला.

बारवाल्याला सगळे टकलू म्हणत, अगदी तोंडावर. त्याने घोट घेतला आणि डोळे मिचकावले.

"जबरी कडक आहे हो. पण शेवटी कडू लागते. जरा गोड करा, चार पिंपं आत्ता सांगतो."

माझा जीव भांड्यात पडला. भाऊजी तर खुर्चीवरून अर्धे उठले.

"गोड होणार नाही," ताई म्हणाली.

"अहो, गिऱ्हाइकाला गोडच लागतं!"

"मग त्याला सरबत द्या."

टकलूने मान हलवली, कडू असल्याचं पुन्हा सांगितलं आणि बोलता बोलता ग्लास संपवला. मग तो सावकाश पुढे सरकवला. ताईने तो भरला. तोही कुरकुरतच संपला.

"किती आहे ही?"

"अर्धं पिंप. बाकीची वर आहे." ताईने छताकडे बोट दाखवलं.

टकलूने वरचा जांभळा डाग बघितला, मग मला. "असेल तेवढी पाठवा. संपली, तर पुढचं पिंपही माझं. कडूच."

तो गेल्यावर भाऊजींनी गुपचूप आणखी एक बाटली उघडली. ताईने शिडी आणून माझ्यासमोर उभी केली आणि हातात फडकं दिलं. वर चढता चढता मी विचारलंच, "ताई, चार पिंपं म्हणत होता तो! जरा गोड केली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गोड आणि बिनकामाचा एक भाऊ आहे घरात, तेवढा पुरे."